घराजवळची वाट कोणत्या खात्यात?

आयर्लंडमध्ये २७ मार्च २०२० ला सरकारनं लोकांना सांगितलं, व्यायामासाठी बाहेर पडायचं असेल तर घरापासून दोन किलोमीटरच्या आतच. ५ मेपासून ही मर्यादा पाच किलोमीटर झाली. फ्रान्समध्ये ती एकच किलोमीटर होती, शिवाय वेळही तासाभराचाच. साथीच्या काळातले हे नियम योग्य होते की अतिरेकी, हा वाद वेगळा. पण त्या आठवड्यांत माणसांनी नकाशावर आपापल्या घराभोवती वर्तुळं काढली आणि त्यांत काय काय येतं ते बहुधा पहिल्यांदाच नीट पाहिलं. कुणाच्या वर्तुळात झाडीत शिरणारी पायवाट निघाली, कुणाच्या वर्तुळात समुद्राकडे उतरणारी, आणि पुष्कळांच्या वर्तुळात नुसते रस्ते, भिंती आणि वाहनतळ. देशात राष्ट्रीय उद्यानं किती आणि डोंगर किती उंच, याला त्या दिवसांत काडीची किंमत नव्हती.

साथ ओसरली तशी ती वर्तुळं पुसली गेली आणि बोलणं पुन्हा लांबच्या ठिकाणांवर आलं. हे मला पटत नाही. घरापासून पायी किंवा फार तर एका बसनं गाठता येईल अशी जंगलातली वा किनाऱ्यावरची वाट ही पाणीपुरवठ्यासारखी नागरी सोय आहे. ती रोज लागते, सगळ्यांना लागते, म्हणून तिची जबाबदारी कुणाच्या तरी नावावर असायला हवी. आज बहुतेक ठिकाणी ती कुणाच्याच नावावर नसते. पर्यटन खात्याला तिच्यात रस नाही, कारण तिथं बाहेरून कुणी येत नाही आणि मुक्काम करत नाही. वन खात्याच्या लेखी ती म्हणजे झाडा-प्राण्यांच्या मध्ये आलेली माणसांची वर्दळ. बांधकाम खातं डांबर नसलेल्या गोष्टीला रस्ता मानायला तयार नसतं. किनाऱ्यावर तर आणखी गंमत: भरतीच्या रेषेच्या अलीकडे एक खातं आणि पलीकडे दुसरं, आणि ही रेषा स्वतः जागेवर राहत नाही.

खातं ठरत नाही म्हणून मोजमापही ठरत नाही. पर्यटनाचा हिशोब किती लोक आले यावर चालतो. एकच माणूस आठवड्यातून चारदा त्याच वाटेनं गेला तर त्या हिशोबात तो धड पाहुणा ठरत नाही. माझ्या मते मोजायचं ते हेच: वाटेच्या आसपास राहणाऱ्यांपैकी किती जण तिथं पुन्हा पुन्हा जातात. इंग्लंडमधल्या सुमारे वीस हजार प्रौढांच्या उत्तरांवर आधारलेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातली एकूण १२० मिनिटं किंवा त्याहून अधिक वेळ निसर्गात घालवणाऱ्यांमध्ये आपली तब्येत आणि मनःस्थिती चांगली आहे असं सांगणाऱ्यांचं प्रमाण, अजिबात बाहेर न जाणाऱ्यांच्या तुलनेत ठळकपणे जास्त निघालं. ही १२० मिनिटं एकदम घालवली की तुकड्यातुकड्यांत, यानं फरक पडला नाही. अशा आकड्यांकडे मी जरा संशयानंच पाहतो. मुळात धडधाकट माणसंच जास्त बाहेर पडत असतील, ही शंका त्या अभ्यासकांनाही होती. 'जंगल हेच औषध' असं सांगत फिरणाऱ्यांचा धंदा तर वेगळाच आहे. पण त्या तुकड्यातुकड्यांच्या मुद्द्यावर थांबायला हवं. वीस मिनिटांचे सहा तुकडे पाडायचे तर वाट दाराजवळ पाहिजे. चार तास गाडी चालवून वीस मिनिटं कुणी चालत नाही.

आणि पैसा. लांबच्या पदभ्रमंतीला रजा लागते, गाडी लागते, राहण्याची सोय लागते. त्यामुळे निसर्गात चालणं ही हळूहळू सवड असणाऱ्यांची हौस होऊन बसली आहे, आणि तिच्याभोवती बूट, काठ्या, पाठपिशव्यांचं मोठं दुकान उभं राहिलं आहे. घराजवळच्या वाटेला यांतलं काही लागत नाही. दिवसभर उभ्यानं काम करणाऱ्या, दोन पाळ्या करणाऱ्या, घरात आजारी माणूस असलेल्या कुणालाही तासभर काढता येतो. ही सगळी माणसं ज्या वाटेनं जाऊ शकतात ती वाट सुंदर असलीच पाहिजे असं नाही. ती उघडी असली पाहिजे.

अडचण इथंच आहे. प्रसिद्ध शिखराची वाट कुणी अडवली तर बातमी होते. घराजवळची वाट अशी एका दिवसात कुणी अडवत नाही. आधी एक फाटक येतं, दिवसा उघडं असणारं. मग फाटकावर रखवालदार येतो, तो ओळखीच्यांना सोडतो. मग पाटी येते. मग फाटकाच्या जागी भिंत येते, तोवर रोज जाणाऱ्यांपैकी निम्म्यांनी दुसरा रस्ता धरलेला असतो. भांडायला कुणी गेलंच तर त्याला विचारलं जातं, इथं वाट होती याला पुरावा काय?

या प्रश्नाचं उत्तर हाताशी ठेवण्याची व्यवस्था इंग्लंड आणि वेल्सनं १९४९ च्या कायद्यानं केली. स्थानिक प्रशासनांनी आपल्या हद्दीतल्या सार्वजनिक पायवाटांचा अधिकृत नकाशा तयार करायचा, आणि त्या नकाशावर असलेली वाट हा तिच्या अस्तित्वाचा निर्णायक पुरावा मानायचा. हा कायदा एखाद्या सहृदय अधिकाऱ्याच्या डोक्यातून आलेला नव्हता. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टर परिसरातल्या शेकडो कामगार तरुणांनी किंडर स्काउट या पठारावर मुद्दाम घुसखोरी केली होती. ते पठार त्यांच्या गिरण्या-कारखान्यांपासून सुट्टीच्या दिवशी जाऊन येण्याइतकं जवळ होतं, पण मालकांनी ते शिकारीच्या पक्ष्यांसाठी राखलं होतं. पाच जणांना तुरुंगवास झाला. पुढारी बेनी रॉथमन तेव्हा जेमतेम विशीतला होता. पुढच्या अनेक वर्षांच्या दबावात त्या दिवसाचा मोठा वाटा होता.

पण नकाशे केले तरी ते अपुरे राहिले. २००० सालच्या कायद्यानं जुन्या, नोंद न झालेल्या वाटांवर हक्क सांगण्यासाठी १ जानेवारी २०२६ ही शेवटची तारीख ठेवली. ती जवळ येऊ लागली तसे पायी चालणाऱ्यांच्या संघटनेचे स्वयंसेवक जुने नकाशे घेऊन बसले, घराघरांतून संगणकावर जुना नकाशा आणि नवा नकाशा शेजारी ठेवून ताडून पाहू लागले. २०२० मध्ये त्यांनी जाहीर केलं की इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून ४९,००० मैलांहून अधिक, म्हणजे जवळपास ७९,००० किलोमीटर वाटा अधिकृत नकाशातून गळालेल्या दिसतात. ती मुदत पुढे २०३१ पर्यंत वाढवण्यात आली. ज्या देशात पायवाटांचा कायदा इतका जुना आणि चालणाऱ्यांच्या संघटना इतक्या बळकट, तिथली ही गत. जिथं अशी यादी करायची कल्पनाच कुणाला सुचलेली नाही तिथं काय गळालं हे कळायलाही मार्ग नाही.

किनाऱ्याची गोष्ट अमेरिकेतल्या ऑरेगन राज्याकडून ऐकावी. १९१३ साली तिथले गव्हर्नर ऑसवॉल्ड वेस्ट यांनी एक चलाख कायदा करून घेतला: राज्याचा समुद्रकिनारा हा सार्वजनिक महामार्ग आहे. त्या काळी किनाऱ्यावरच्या अनेक वस्त्यांना धड रस्ता नव्हता, ओहोटीच्या घट्ट ओल्या वाळूवरून खरोखरच वाहतूक चालायची, त्यामुळे कुणाला यात वावगं वाटलं नाही. कायदा मात्र भरतीच्या रेषेपाशी थांबत होता. तिच्यावरची कोरडी वाळू कुणाची, हे कुणी लिहून ठेवलं नाही, कारण तोवर ती सगळेच वापरत होते. १९६६ मध्ये कॅनन बीच इथल्या एका मोटेलमालकानं आपल्या समोरची कोरडी वाळू अडवली आणि ती आपल्या पाहुण्यांपुरती राखून ठेवली. बाकीच्यांनी ओल्या वाळूत बसावं. आणि कागदावर पाहिलं तर त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं.

त्यावर विधेयक आलं, ते समितीत अडकलं. मग मे १९६७ मध्ये गव्हर्नर टॉम मॅकॉल भूमापक आणि पत्रकार यांना घेऊन हेलिकॉप्टरनं थेट वाळूत उतरले आणि कोणती रेषा धरली तर लोकांच्या वाट्याला किती किनारा उरतो, हे मोजून दाखवलं. ६ जुलै १९६७ रोजी कायदा झाला. मोटेलमालक न्यायालयात गेला. १९६९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला तो रूढीच्या आधारावर: लोक ही कोरडी वाळू पूर्वापार, अखंड आणि कुणाच्याही तक्रारीविना वापरत आले आहेत, म्हणून तो त्यांचा हक्क आहे. मला या प्रकरणात दोन गोष्टी एकत्र दिसतात. हक्क वापरातून जन्माला आला. पण तो टिकला कारण कुणीतरी मोजपट्टी घेऊन तिथं गेलं. नुसत्या वापरावर विसंबलेल्या पिढ्यांनी त्रेपन्न वर्षं ती फट तशीच उघडी ठेवली होती.

आता दुसरी बाजू. माझ्या जमिनीतून लोकांनी का जावं, हा मालकाचा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. रात्री-बेरात्री माणसं येणार, कुत्री मोकळी सोडणार, कचरा टाकणार, कुणी पाय घसरून पडला तर दावा ठोकणार. फ्रान्सनं यावर काढलेली तोड मला सर्वांत शहाणपणाची वाटते. ब्रिटनीच्या किनाऱ्यावर चोरट्या व्यापारावर नजर ठेवण्यासाठी १७९१ मध्ये जकात शिपायांची गस्तवाट आखली गेली होती. शिपाई गेले, वाट झाडोऱ्यात बुडाली. ३१ डिसेंबर १९७६ च्या कायद्यानं समुद्राला लागून असलेल्या खासगी जमिनींवर चालणाऱ्यांसाठी तीन मीटर रुंदीची पट्टी मोकळी ठेवण्याचं बंधन आलं. जमीन मालकाचीच राहिली, फक्त तीन मीटरवरून पायी जाणाऱ्याला अडवायचं नाही. १९७६ च्या आधीपासून असलेल्या राहत्या घरांपासून पंधरा मीटरच्या आत हे बंधन सहसा लागू होत नाही. म्हणजे कुणाच्या खिडकीखालून जायची मुभा नाही आणि कुणाला पूर्ण किनारा बळकवायचीही नाही. नॉर्वेनं १९५७ च्या कायद्यात हाच तोल वेगळ्या रीतीनं साधला: बिनलागवडीच्या मोकळ्या रानात कुणीही चालावं, तंबू मात्र राहत्या घरापासून १५० मीटरच्या आत ठोकू नये. स्कॉटलंडनं २००३ मध्ये जमीन आणि पाणी दोन्हींवर जबाबदारीनं वावरण्याचा हक्क दिला. या सगळ्या ठिकाणी खासगी मालमत्ता शाबूत आहे. आकाश कोसळलेलं नाही.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर १९९६ मध्ये ब्यास नदीकाठच्या बांधकामाच्या प्रकरणात सांगितलं की समुद्रकिनारा, वाहतं पाणी, हवा, जंगल यांची लाभधारक जनता आहे आणि सरकार त्यांचं विश्वस्त आहे. (योगायोग असा की इथंही कारण मोटेलच होतं.) तत्त्व भक्कम आहे. मात्र विश्वस्तानं सगळ्याला कुलूप लावून किल्ली स्वतःजवळ ठेवली तरी तो विश्वस्तच राहतो. तत्त्वातून पायवाट आपोआप निघत नाही, ती स्वतंत्रपणे मागावी लागते.

मालकांपेक्षा मला जास्त विचारात टाकणारा आक्षेप निसर्गरक्षकांचा आहे. माणसाचा पाय पडला की नुकसान होतं, मग शहरालगत उरलेल्या शेवटच्या झाडीत, शेवटच्या वाळूत लोकांना बोलवायचं कशाला? हा आक्षेप खरा आहे, आणि तो उडवून लावणारे चालणाऱ्यांचे पुढारी मला आवडत नाहीत. वाळूच्या टेकड्या धरून ठेवणारं गवत पायदळी गेलं की वारा त्या फटीतून वाळू उपसतो आणि टेकडीला भगदाड पडतं. चिखल्यासारखे पक्षी भरतीच्या रेषेच्या वर, उघड्या वाळूत नुसता खळगा करून अंडी घालतात. अंडी वाळूच्याच रंगाची. चालणाऱ्याला ती दिसत नाहीत, आणि मोकळ्या कुत्र्याच्या भीतीनं पक्षी उठला की तेवढ्या वेळात उन्हानं ती तापतात.

पण झिजेचा अभ्यास करणाऱ्यांनी एक गोष्ट वारंवार दाखवून दिली आहे, आणि तिच्याकडे दोन्ही बाजू दुर्लक्ष करतात. कोऱ्या जमिनीवर पहिली काही पावलं पडतात तेव्हा नुकसान झपाट्यानं होतं. पुढं पावलं वाढत जातात तसा नुकसानीचा वेग मंदावतो, कारण मोडायचं ते आधीच मोडलेलं असतं. याचा अर्थ असा की शंभर माणसं एका वाटेनं गेली तर एक वाट झिजते आणि शंभर माणसं शंभर दिशांनी गेली तर आख्खं रान झिजतं. आखलेली वाट नसली म्हणून लोक जायचे थांबत नाहीत, विखुरतात. मधल्या वाटेवर चिखल झाला की कडेनं दुसरी पडते, तिच्या कडेनं तिसरी. म्हणून नीट आखलेली, कोरडी, पाऊल आपोआप तिच्यावरच पडेल अशी वाट ही रानाच्या बाजूची गोष्ट आहे. निसर्गरक्षक आणि चालणारे यांनी एकमेकांशी भांडण्यात जी वर्षं घालवली, ती या एका मुद्द्यावर एकत्र येऊन घालवली असती तर बरं झालं असतं.

आणि कधी कधी वाट खरोखरच बंद करावी लागते. न्यूझीलंडमध्ये ऑकलंड शहराच्या कुशीत वाइटाकेरे डोंगररांग आहे, तिथं कौरी वृक्षांचं रान आहे. कौरीच्या मुळांना ग्रासणारा एक सूक्ष्मजीव मातीतून पसरतो, बुटाला चिकटलेल्या चिमूटभर चिखलातूनही. डिसेंबर २०१७ मध्ये तिथल्या ते कावेराऊ आ माकी या माओरी समूहानं आपल्या परंपरेनुसार रानात प्रवेशबंदी जाहीर केली. ऑकलंड परिषदेनं मे २०१८ पासून तिथल्या प्रादेशिक उद्यानातला जंगलाचा भाग औपचारिकपणे बंद केला. लाखो माणसांच्या दाराशी असलेलं रान हातचं गेलं, आणि लोक चिडलेही. पण नंतर काय झालं ते बघण्यासारखं आहे. एकेक वाट तपासून, कौरीच्या उथळ मुळांवरून लाकडी मार्ग उचलून घेऊन, तोंडाशी बूट घासायची आणि निर्जंतुक करायची सोय करून वाटा टप्प्याटप्प्यानं उघडण्यात आल्या. काही अजून उघडलेल्या नाहीत, काही कदाचित उघडणारही नाहीत. मला या बंदीत काही गैर दिसत नाही. तिला कारण होतं, हद्द होती, कोणती वाट कधी उघडणार याचा जाहीर आराखडा होता. पक्ष्यांच्या विणीच्या काळात किनाऱ्याचा एखादा पट्टा काही आठवडे दोरी लावून बंद ठेवणं याच जातीचं. 'प्रवेश निषिद्ध' एवढंच लिहिलेली, तारीख नसलेली, सही नसलेली गंजकी पाटी या जातीची नाही. तिच्यामागे बहुतेक वेळा संवर्धन नसतं, आळस असतो.

आळसाचा विषय निघालाच आहे तर देखभालीबद्दल. वाटेचा मोठा शत्रू पाऊल नसून पाणी आहे. सरळ उताराला लावलेली वाट पहिल्या मोठ्या पावसात ओढा होते, दुसऱ्या पावसात घळ. वाटा बांधणाऱ्यांचा एक जुना ठोकताळा आहे: डोंगराच्या कडेला जेवढा उतार असेल त्याच्या निम्म्याहून जास्त चढ वाटेला देऊ नये, म्हणजे पाणी वाटेवरून धावत सुटण्याऐवजी तिला ओलांडून खाली जातं. जागोजाग आडवे चर, बाहेरच्या बाजूला किंचित कल, ओढ्यापाशी घट्ट बसवलेले दगड. यात कसली जगावेगळी विद्या नाही. दर पावसाळ्यापूर्वी चार माणसांनी दोन दिवस फावडं चालवलं तर किलोमीटरच्या किलोमीटर वाट टिकते. पण चर साफ करण्याचं उद्घाटन होत नाही. काचेचा पूल आणि कड्यावरचा प्रेक्षणीय सज्जा यांचं होतं, म्हणून पैसा तिकडे जातो. सज्ज्यावर लोक एकदा जातात, फोटो काढतात, आणि परत येत नाहीत.

वाट बांधताना फार बांधू नये, हेही खरं. दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावर २००७ पासून, पत्रकारिता सोडून आलेल्या सुह म्योंग-सूक यांच्या पुढाकारानं, जुन्या पाऊलवाटा शोधून आणि एकमेकींना जोडून बेटाभोवतीची वाट उभी राहिली. आज ती चारशे किलोमीटरहून अधिक आहे. ती शक्यतो अरुंद ठेवली, खुणेला झाडाच्या फांदीवर फिती बांधल्या. ती नंतर इतकी नावाजली की लांबून माणसं येऊ लागली, हा भाग मला थोडा खटकतो. पण ती बेटावरच्या माणसांनी आपल्या गावांमधून काढली आणि अजूनही त्यांच्या अंगणांवरून जाते, ही तिची खरी कमाई.

किनाऱ्याच्या वाटेला आणखी एक प्रश्न असतो जो जंगलातल्या वाटेला नसतो: जमीनच खचते. कडा दरवर्षी थोडा थोडा समुद्रात जातो, त्यावरची वाटही जाते, आणि आतल्या बाजूला कुंपण असलं की हक्क हवेत लटकतो. इंग्लंडनं २००९ च्या सागरी कायद्यात किनाऱ्याभोवती सलग वाट ठरवताना याचाही विचार केला. कडा मागे सरकला तर वाटही तेवढीच आत सरकेल, प्रत्येक वेळी नव्यानं झगडावं लागणार नाही, अशी तरतूद मंजूर आराखड्यांतच करता येते. वेल्सनं तर २०१२ मध्येच आपल्या किनाऱ्यालगतची सुमारे १,४०० किलोमीटरची वाट खुली केली. समुद्राची पातळी चढत असताना अशी सरकती रेषा कायद्यात नसेल तर आज उघडी असलेली किनाऱ्याची वाट वीस-तीस वर्षांत कागदावर राहील आणि पाण्याखाली असेल.

सुरक्षिततेचा मुद्दा काढला की घराजवळच्या वाटेची बाजू मला उलट बळकट दिसते. दोन भरत्यांमध्ये साधारण बारा तास पंचवीस मिनिटं जातात, त्यामुळे भरतीची वेळ रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढं ढकलली जाते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण येतं, अर्ध्या चंद्राच्या वेळी भांगाची भरती असते आणि पाणी फार चढत नाही. दोन सुळक्यांच्या मधल्या वाळूतली वाट कोणत्या भरतीला तुटते, कुठून वर चढून सुटता येतं, हे त्या वाटेनं नेहमी जाणाऱ्याला अंगवळणी पडलेलं असतं. लांबून आलेल्याची सुट्टी चंद्र पाहून ठरत नाही. जंगलातही तसंच. कोणत्या पावसानंतर ओढा किती चढतो, धुक्यात कोणत्या वळणावर चुकायला होतं, हे माहीत करून घ्यायला वाट एकदा चालून भागत नाही.

आणि माणसांची भीती? एकटी बाई झाडीतल्या वाटेनं जाईल का, हा प्रश्न नकाशे करणारे पुरुष बहुधा विसरतात. दिवे लावून तो सुटत नाही, रानात दिवे असूही नयेत. तो सुटतो समोरून येणाऱ्या दुसऱ्या बाईमुळे, नातवाला घेऊन निघालेल्या आजोबांमुळे, म्हणजे वर्दळीमुळे. आणि वर्दळ होते ती वाट वस्तीला चिकटून सुरू होत असेल, दोन ठिकाणांना जोडत असेल तर. जिथून आलो तिथंच परत यावं लागणारी, वाहनतळापासून सुरू होऊन वाहनतळापाशी संपणारी वाट मोकळ्या वेळापुरती उरते. शाळेकडे, बसथांब्याकडे, बाजाराकडे जाणारी वाट दिवसभर चालती राहते. प्रत्येक वाटेचं पहिलं किलोमीटर चाकाच्या खुर्चीला आणि बाबागाडीला चालेल असं घट्ट आणि सपाट असावं, पुढं ती हवी तितकी खडबडीत होऊ द्यावी, असं माझं मत आहे. शुद्धतावाद्यांना ते रुचणार नाही.

नेहमी जाणारी माणसं आणखी एक काम करतात, बहुतेक वेळा नकळत. डॅनियल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञानं १९९५ मध्ये दाखवून दिलं होतं की प्रत्येक पिढी आपल्या तरुणपणी पाहिलेला समुद्र हाच मूळचा समुद्र मानते, त्यामुळे आधी काय हरवलं याची दाद लागत नाही. एकदा येऊन गेलेल्याला तर काहीच हरवलेलं दिसत नाही. सिडनीच्या मॅन्ली आणि नॉर्थ नॅराबीन किनाऱ्यांवर २०१७ मध्ये एक साधी युक्ती केली गेली: मोबाइल ठेवण्यासाठी खांबावर एक पक्की खोबण. जाणारा-येणारा त्यात मोबाइल टेकवून फोटो काढतो आणि पाठवतो. कोन तोच, चौकट तीच, त्यामुळे शेकडो अनोळखी माणसांच्या फोटोंवरून किनारा किती सरकला हे संशोधकांना मोजता येतं. पुढं जगातल्या अनेक किनाऱ्यांवर असे खांब लागले. उपग्रह आहेतच, पण वादळानंतरच्या सकाळी फोटो पाठवणारा तिथं राहणाराच असतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक शहरानं, प्रत्येक गावानं आपल्या हद्दीतल्या जंगल-किनाऱ्यांवरच्या चालत्या वाटांची यादी करावी, ती नकाशावर चढवावी, आणि तिच्यापुढं एका खात्याचं नाव लिहावं. नव्या वाटा नंतर. आधी आहेत त्या. एखादी बंद करायची असेल तर कारण आणि तारीख लिहून बंद करावी. या कामाला मोठा निधी लागत नाही, लागते ती चिकाटी, आणि ती सरकारी कचेरीत आपोआप उगवत नाही.

इंग्लंड आणि वेल्समध्ये, १९८० च्या महामार्ग कायद्यानुसार, लोकांनी एखादी वाट वीस वर्षं विनापरवाना, उघडपणे आणि अडथळ्याविना वापरली असेल तर ती सार्वजनिक मानली जाऊ शकते. ते सिद्ध करायला प्रामुख्यानं लागतात त्या वाटेनं चालणाऱ्यांच्या लेखी साक्षी: कधीपासून जातो, किती वेळा, कशासाठी, वाटेत फाटक होतं का, कुणी अडवलं का. जिथं असा कायदा नाही तिथंही हे प्रश्न एका कागदावर लिहून शेजारच्या म्हाताऱ्या माणसांकडे जाता येतं. ज्यांना फाटकाच्या आधीची वाट आठवते ती माणसं आता सत्तरीच्या पुढं आहेत. त्यांची साक्ष लिहून घ्यायला कुठल्याही खात्याची परवानगी लागत नाही.